दात मोजा, मग नाव ठेवा

गाझियाबादला मामेबहिणीच्या दिवाणखान्यात छताला एक सुकवलेला मासा टांगलेला आहे. नारळाएवढा गोल, अंगभर काटे. घरात त्याला ‘फुगा मासा’ म्हणतात. आमचे मालवणचे पाहुणे आले, की म्हणतात, ‘अगो, ह्यो केंड!’

परवा स्टुलावर चढून मी त्याच्या ओठांआड बोट फिरवलं. वर एक अखंड दंतपट्टी, खाली एक, मध्ये कुठेही खाच नाही. म्हणजे हा केंड नव्हे. केंडाच्या प्रत्येक पट्टीला मधोमध चीर असते, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला ‘चार दातांचे’ अशा अर्थाचं नाव दिलं, टेट्राओडॉन्टिडी. काटेवाल्यांचं कूळ वेगळं, डायोडॉन्टिडी, ‘दोन दातांचे’. त्यातल्या डायोडॉन हिस्ट्रिक्सच्या नावात तर थेट साळिंदरच आहे. मराठीत ‘साळिंदर मासा’ म्हटलं, तर कुणाचाच घोटाळा होणार नाही.

केंड हे नाव कोळ्यांना जाळ्यामुळे पाठ आहे. त्याची टोळी आली, की जाळं कुरतडते आणि आतली म्हाकुलंही. बऱ्याच केंडांच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं, ते शिजवून जात नाही.

गाझियाबादपासून समुद्र दूर असला, तरी गंगेचं खोरं या मंडळींना परकं नाही. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला, त्यातल्या एका केंडाच्या ‘पटोका’ या नावात बंगाली ‘पोटका’ ऐकू येतो. पोटका म्हणजे फटाकाही.

साळिंदर मासा एरवी काटे अंगाला चिकटवून पोहतो. संकट आलं, की घटाघट पाणी गिळतो. चुण्या पडलेलं जठर उलगडत जातं. बरगड्या नसल्यामुळे अडवायला काही नाही. कातडी ताणली, की काटे आपोआप उभे राहतात.

यात त्याचा जीव किती शिणतो, हे त्याच्या केंड जातीच्या भावंडांवर 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात मोजलं गेलं. फुगलेला मासा श्वास रोखत नाही, उलट प्राणवायू कित्येक पटींनी जास्त घेतो, आणि पूर्ववत व्हायला त्याला सरासरी साडेपाच तास लागतात. किनाऱ्यावर गंमत म्हणून त्याला काडीने डिवचणाऱ्यांना हे सांगायलाच हवं. पाण्याबाहेर तो हवा गिळतो, आणि ती बाहेर टाकणं त्याला फार अवघड जातं. असा मासा पाण्यात सोडला, तरी पोट वर करून तरंगत राहतो.