बर्फात उभा राहणारा बांबू

बांबू म्हटला की कोकणातील उबदार, दमट हवा आठवते. परंतु फ्रान्स देशाच्या दक्षिण भागात, सेवेन पर्वताच्या पायथ्याशी, आंदूझ या गावाजवळ बांबूचे एक विस्तीर्ण उद्यान आहे. तेथे हिवाळ्यात पाणी गोठते, कधी बर्फही पडते. युजेन माझेल या धनिकाने 1856 साली या उद्यानाचा आरंभ केला आणि रोपांसाठी गार्दों नदीचे पाणी पाटाने आणविले.

तेथील मोसो हा बांबू मूळचा चीनमधला. त्याची उंची 20 मीटरांपर्यंत जाते व शून्याखाली 15 अंशांची थंडी तो सोसतो. कोवळ्या रोपाला मात्र हिवाळा कठीण जातो. पाने हिरवी असल्याने त्यांतून पाणी उडत राहते, पण गोठलेली जमीन पाणी देत नाही. म्हणून बुंध्याशी वाळक्या पानांचा जाड थर पसरावा लागतो.

अन्य वृक्ष वर्षानुवर्षे जाड होत जातात. बांबूचे तसे नाही. वसंत ऋतूत कोंब जमिनीबाहेर पडतो, तो आपली पूर्ण जाडी घेऊनच. त्याची सारी पेरे आत दाटीने रचलेली असतात. ती दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे लांबत जातात आणि सुमारे दोन महिन्यांत काठी पूर्ण उंची गाठते. पुढे ती वाढत नाही, केवळ टणक होते. एवढे अन्न येते कोठून? जुन्या काठ्या व जमिनीखालील खोड यांनी ते साठविलेले असते. नव्या रोपापाशी हा साठा नसतो; त्यामुळे पहिली काही वर्षे बोटाएवढ्याच काठ्या निघतात. घाई करून त्या तोडणारा माळी आपल्याच बागेचे नुकसान करतो!

कोकणातील बांबू बेट करून एका जागी राहतो. मोसोचे खोड मात्र जमिनीखाली आडवे धावते आणि शेजाऱ्याच्या बागेतही कोंब काढते. त्यासाठी भोवती खोल चर खणून, चरात शिरणारी खोडे दरवर्षी छाटावी लागतात.

माझेलने उद्यानापायी अपार पैसा ओतला. 1890 च्या सुमारास तो कंगाल झाला व उद्यान त्याच्या हातून गेले. 1902 साली नेग्र कुटुंबाने ते विकत घेतले. मोसोचे उंच बन तेथे आजही उभे आहे.