हिरव्या टेकडीचा सौदा

विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी सायबर कॅफेपासून बँकेच्या काउंटरपर्यंत सगळीकडे होती. अनेकांना ती संगणकावर रंगवलेली वाटायची. पण तो कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढलेला खराखुरा फोटो आहे. स्टॉक फोटोतून, म्हणजे एजन्सीमार्फत विकल्या जाणाऱ्या तयार फोटोतून, कमाई करू पाहणाऱ्या नव्या मुलांना मी आधी त्याचीच गोष्ट सांगतो.

जानेवारी 1996. 'नॅशनल जिओग्राफिक'साठी वर्षानुवर्षं फोटो काढणारा चार्ल्स ओ'रिअर मैत्रिणीला भेटायला निघाला होता. त्या उतारावर एरवी द्राक्षवेली असत. फायलोक्सेरा किडीमुळे त्या उपटाव्या लागल्या होत्या, म्हणून नुसतं गवत होतं, तेही पावसानं न्हालेलं. त्यानं गाडी थांबवली, मामिया कॅमेरा काढला, फिल्मवर मोजक्या फ्रेम घेतल्या आणि वाटेला लागला.

फोटो वेस्टलाइट या एजन्सीत गेला. पुढे ती एजन्सी बिल गेट्स यांच्या कॉर्बिसनं घेतली. 2000च्या सुमारास मायक्रोसॉफ्टला फोटोचे सगळे हक्क हवे होते. करारामुळे रक्कम आजही गुपित आहे. पण मूळ फिल्मची किंमत कळल्यावर कुरियरवाले ती न्यायला तयार होईनात. शेवटी मायक्रोसॉफ्टनं विमानाचं तिकीट काढून दिलं आणि ओ'रिअरनं ती स्वतः नेऊन पोचवली.

ऐकणारे तिकिटापाशीच हरखतात. मी त्यांना 'सगळे हक्क' या दोन शब्दांपाशी परत आणतो. पैसे फोटोच्या देखणेपणाचे नव्हते, हक्काचे होते. आणि ते एकदाच मिळाले.

तो बाजारही आता राहिला नाही. इंटरनेटवर फोटो विकणाऱ्या साइट आल्या: 2000 साली आयस्टॉकफोटो, 2003 साली शटरस्टॉक. थोडे पैसे किंवा वर्गणी भरा आणि फोटो उतरवा. जून 2020पासून शटरस्टॉक फोटोग्राफरला 15 ते 40 टक्के वाटा देऊ लागलं. वर्षभरात जितके डाउनलोड, तितकी वरची पायरी. पण 1 जानेवारीला सगळे पुन्हा तळाशी. एका डाउनलोडचे किमान 10 सेंट. म्हणजे चहाचेही धड पैसे नाहीत.

सूर्यास्त, धबधबे, टेकड्या यांचे ढीग पडलेत. मागणी असते ती साध्या गोष्टींना: भाजीच्या गाड्यावर क्यूआर कोड स्कॅन करणारी बाई, बांधावर मोबाइल बघणारा शेतकरी. मात्र चेहरा ओळखू येत असेल तर सहीचं संमतीपत्र हवंच. वारीतले अप्रतिम चेहरे संमतीपत्राअभावी फक्त बातमी-लेखांपुरते विकता येतात. जाहिरातीचं मोठं गिऱ्हाईक तिथंच हातचं जातं.

ही सही घाईत उरकणाऱ्यांचा मला राग येतो. हंगेरीतले विद्युत अभियंते आंद्राश अरातो यांनी स्टॉकसाठी फोटो काढू दिले आणि त्यांचा चेहरा 'हाइड द पेन हॅरॉल्ड' म्हणून जगभर थट्टेचा विषय झाला. बांधावरच्या त्या शेतकऱ्याचा चेहरा उद्या कर्जाच्या किंवा औषधाच्या जाहिरातीवर लागू शकतो. हे त्याच्या भाषेत, त्याला पटेपर्यंत सांगा. नको म्हणाला, तर कॅमेरा खाली ठेवा.