उरलेली दृष्टी राखण्यासाठी : आनुवंशिक नेत्रविकार व पडद्यावरील छिद्र

‘रेटिनायटिस पिगमेंटोझा’ हा डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा, आनुवंशिक विकार होय. आरंभी रात्री दिसेनासे होते, पुढे बाजूची दृष्टी आकुंचित होते आणि नळीतून पाहावे तसा मधला भाग तेवढा उरतो. जगात साधारणतः ४,००० व्यक्तींमागे एकास हा विकार असतो. नागपूर परिसरातील खेड्यांत झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ७५० व्यक्तींमागे एक असे आढळले. त्यामुळे शेजारच्या अमरावती-अकोल्यासही हा विषय परका मानता येत नाही.

यांपैकी थोड्या रुग्णांच्या पडद्यावर, नेमके मध्यबिंदूशी, छिद्र पडते. सरळ रेषा वाकड्या दिसतात, वाचताना मधले अक्षर गळते. ज्याच्यापाशी मधलीच दृष्टी उरली आहे, त्याचा तोच आधार जाऊ लागतो. ‘जुनाच आजार वाढला’ असे समजून कुटुंबीय घरीच थांबतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. ओसीटी तपासणीत हे छिद्र काही मिनिटांत स्पष्ट दिसते.

१९९१ पूर्वी अशा छिद्रावर उपाय नाही, असे मानले जाई. त्या वर्षी अमेरिकेतील केली व वेंडेल या शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेचे यश प्रसिद्ध केले. डोळ्यातील पारदर्शक गर काढून, पडद्यावरील अतिसूक्ष्म पापुद्रा सोलून, आत वायूचा बुडबुडा भरतात. तो छिद्रावर टेकून राहावा म्हणून रुग्णास काही दिवस मान खाली घालून राहावे लागते. उंचीवर हा वायू प्रसरण पावून डोळ्यातील दाब वाढतो. म्हणून बुडबुडा विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो आणि घाट चढून चिखलदऱ्याकडे जाण्यापूर्वीही डॉक्टरांची अनुमती घ्यावी लागते.

शस्त्रक्रियेने छिद्र बुजू शकते, मूळ विकार थांबत नाही. पडदा आधीच क्षीण असल्याने दृष्टीतील सुधारणा बहुधा मर्यादित राहते. कुटुंबीयांनी हे आधीच समजून घ्यावे. तथापि समोरच्याचा चेहरा ओळखता येण्याइतकी दृष्टी टिकणे, हेही अशा रुग्णास थोडे नव्हे.

रुग्णाच्या भावंडांची व मुलांची नेत्रतपासणी अवश्य करावी. नात्यातील विवाहामुळे अशा विकारांचा संभव वाढतो, याचेही भान ठेवावे. दात्यांच्या साहाय्याने उपचाराची सोय उभी राहते. तिच्यापर्यंत रुग्ण वेळेवर पोहोचविणे कुटुंबीयांच्या हाती आहे.