आवारातील गॅरेज : ठेवावे की पाडावे?

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हटले जाते. बांधण्याचा अनुभव पुष्कळांच्या पदरी असतो; परंतु बांधलेल्या वास्तूचा एखादा भाग ठेवावा की पाडावा, हा प्रश्न बहुतेकांपुढे प्रथमच उभा राहतो. मुख्य घरापासून अलग, आवाराच्या कोपऱ्यात असलेले मोटारीचे गॅरेज हा असाच एक भाग होय. घरातील एकाला ती अडगळ वाटते, तर दुसऱ्याला ती वडिलांची आठवण वाटते. निर्णय मात्र एकच घ्यावयाचा असतो आणि पाडण्याचा निर्णय एकदा अमलात आला की तो मागे घेता येत नाही. म्हणूनच त्याचा शांतपणे विचार व्हावा, या हेतूने हा लेख.

चेन्नईच्या पश्चिमेस, श्रीपेरुम्बुदूर तालुक्यात इरुंगाट्टुकोट्टै हे गाव आहे. येथील औद्योगिक वसाहतीत ह्युंदाई कंपनीचा मोटारींचा कारखाना असून १९९८ साली येथूनच ‘सँट्रो’ बाजारात आली. कारखान्यासमोरून जाणारा महामार्ग, जुन्या क्रमांकानुसार चौथा आणि आताचा अठ्ठेचाळिसावा, हा पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव करीतच इकडे येतो. नोकरीनिमित्त या पट्ट्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे मूळ घर पुष्कळदा त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असते. घरदुरुस्तीच्या कर्जाची चौकशी करताना ते हटकून विचारतात, “साहेब, गावाकडच्या बंगल्यातलं गॅरेज पाडून टाकावं का?”

गॅरेज अपुरे का पडू लागले?

या प्रश्नाचे मूळ काही अंशी मोटारींच्या मापात आहे. जुन्या फियाटची, म्हणजे प्रीमियर पद्मिनीची रुंदी दीड मीटरहून किंचित कमी होती. पहिली सँट्रोदेखील सुमारे दीड मीटर रुंदीचीच होती. आज इरुंगाट्टुकोट्टै येथे तयार होणारी ‘क्रेटा’ १.७९ मीटर रुंद आहे, आणि त्यात बाजूचे आरसे धरलेले नाहीत. गॅरेज आतून अडीच मीटर रुंद असल्यास फियाटच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जागा उरत असे. आता जेमतेम ३५ सेंटिमीटर उरते. मोटार आत जाते, परंतु दार उघडून माणसाला बाहेर पडता येत नाही.

लांबीची अडचण त्या मानाने कमी असते. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत देण्यात आली. त्यामुळे कित्येक मोटारींची लांबी त्या मर्यादेत थांबली. रुंदीवर मात्र असे कोणतेही बंधन नव्हते. तात्पर्य, जुने गॅरेज बहुधा रुंदीलाच कमी पडते. ही बाब लक्षात घेतल्यास ‘ठेवणे’ आणि ‘पाडणे’ यांमधील तिसरा मार्गही दिसू लागतो. अभियंत्याच्या सल्ल्याने एका बाजूची भिंत काढून तेथे खांब घेतले, तर छप्पर तसेच राहून जागा मोकळी होते. मात्र कोणती भिंत भार पेलते हे पाहिल्याविना हात लावू नये.

प्रथम कागद पाहावेत

गॅरेज मंजूर नकाशात दाखविलेले आहे काय, हा पहिला प्रश्न. ते मंजूर असेल तर त्याला कायदेशीर मूल्य आहे. आवाराच्या सीमेलगत पूर्वीच्या नियमांनुसार बांधलेले गॅरेज पाडल्यावर त्याच जागी पुन्हा बांधण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. नव्या बांधकामाला त्या दिवशीचे नियम लागू होतात आणि त्यात ती जागा मोकळी सोडावी लागण्याचा संभव असतो. म्हणजे पाडणे चार दिवसांचे काम असले, तरी परत उभारणे आपल्या हातात राहीलच असे नाही.

याउलट, गॅरेज नकाशात नसेल तर घर विकताना किंवा त्यावर कर्ज घेताना ती उणीव पुढे येते. अशा वेळी ते नियमित करून घेता येईल काय, याची स्थानिक कार्यालयात चौकशी करावी. येत नसेल, तर काढून टाकणे शहाणपणाचे ठरते. महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील ‘विकास’ या संज्ञेत विद्यमान इमारतीचा भाग पाडणे हेही समाविष्ट आहे. तेव्हा ‘आपल्याच आवारातले आहे’ म्हणून परस्पर पाडू नये; नगरपालिकेत वा संबंधित प्राधिकरणाकडे आधी विचारणा करावी.

वडिलोपार्जित घर असेल, तर भावाबहिणींची लेखी संमती घ्यावी. गॅरेज लहान असते. त्यावरून झालेला बेबनाव मात्र लहान राहत नाही.

घर तारण असल्यास

घर बँकेकडे गहाण असेल, तर गॅरेजसुद्धा त्या तारणाचाच भाग असतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६६ नुसार, तारण अपुरे असताना किंवा त्या कृत्यामुळे अपुरे पडणार असताना कर्जदाराने मालमत्तेला कायमची हानी पोचेल असे काही करावयाचे नसते. पुरेसेपणाचे मापही त्याच कलमात आहे. तारण इमारतीचे असल्यास तिचे मूल्य येणे रकमेच्या किमान दीडपट हवे. उदाहरणार्थ, २० लाख रुपये कर्ज शिल्लक असेल, तर गॅरेज गेल्यानंतरही घराचे मूल्य ३० लाखांच्या वर राहावयास हवे. बहुतेक कर्जकरारांत याहून स्पष्ट अट असते, ती म्हणजे बँकेच्या लेखी संमतीविना बांधकामात फेरफार करू नये. शाखेत एक अर्ज, सोबत नकाशा आणि अभियंत्याचे पत्र दिल्यास हे काम अवघड नाही. आमच्या शाखाबंधूंनीही असा अर्ज आल्यास तो नुसता नोंदवून न ठेवता मूल्यांकन वेळेवर करून द्यावे.

विमा आणि पाणी

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत निवासी वापराचे गॅरेज हे ‘अतिरिक्त बांधकाम’ म्हणून समाविष्ट होते. मात्र घराची रक्कम चटई क्षेत्रफळावरून काढली जाते, तर अशा बांधकामाचा खर्च विमाधारकाने स्वतः सांगावयाचा असतो. तेव्हा गॅरेज ठेवणार असाल, तर प्रस्ताव भरताना त्याचा उल्लेख करा. आतील मोटारीचा विमा अर्थातच वेगळा असतो.

चेन्नई परिसराने याबाबत एक कठीण धडा दिला आहे. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी सखल जागी उभ्या असलेल्या मोटारी पाण्यात बुडाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा इशारा मिळताच वेलाचेरी भागातील लोकांनी आपल्या मोटारी थेट उड्डाणपुलावर नेऊन लावल्या. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि जुन्या गॅरेजची जमीन खाली राहते. आपल्या गॅरेजमध्ये पावसाळ्यात पाणी शिरत असेल, तर केवळ छप्पर दुरुस्त करून भागणार नाही. जमीन उचलण्याचा खर्च हिशेबात धरावा.

महिन्याचा हिशेब

निर्णय सोपा व्हावा म्हणून सर्व खर्च महिन्याच्या आकड्यात मांडावा. पुढील रकमा केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, दुरुस्तीला १,८०,००० रुपये लागतील व ती १५ वर्षे टिकेल. ७ टक्के व्याजदर धरल्यास याचा समान वार्षिक भार सुमारे १९,८०० रुपये होतो. रंग, शटरचे तेलपाणी, कर वगैरे ४,२०० रुपये मिळवल्यास वर्षाला २४,००० म्हणजे महिन्याला २,००० रुपये झाले. दुसऱ्या बाजूस, पाडण्याचा व राडारोडा हलविण्याचा खर्च ६०,००० रुपये आणि जुन्या लोखंडाचे १५,००० रुपये परत येतील असे मानू. उरलेल्या ४५,००० चा भार त्याच हिशेबाने महिन्याला सुमारे ४०० रुपये पडतो.

फरक १,६०० रुपयांचा आहे. आता प्रश्न असा विचारावा की, दरमहा १,६०० रुपये देऊन हे छप्पर मी भाड्याने घेतले असते काय? मोटार, दुचाक्या, धान्याच्या कोठ्या, विजेवरील मोटारीचे चार्जिंग यांपैकी खरोखर काय तेथे होणार आहे, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. भाड्याने देण्याचा विचार असेल, तर पार्किंगसाठी मंजूर झालेल्या जागेचा दुकान म्हणून वापर करता येईल काय हे आधी तपासावे. आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे.

आकड्यांत न बसणारी बाब

एका ग्राहकाच्या साताऱ्याकडील घरी आई एकट्याच राहतात. मुलाने वरीलप्रमाणे हिशेब मांडला तेव्हा गॅरेज पाडणेच स्वस्त पडत होते. परंतु गॅरेजमध्ये मोटारीऐवजी गेली काही वर्षे एक दांपत्य राहत होते. बागेला पाणी घालणे, आईंना दवाखान्यात नेणे, रात्री हाकेला ‘ओ’ देणे ही कामे तेच करीत. गॅरेज गेले असते तर आधी त्यांचे छप्पर गेले असते आणि मागोमाग आईंची सोबत. अखेर त्या कुटुंबाने बांधकाम ठेवले, खिडकी व न्हाणीघरासाठी रीतसर परवानगी मागितली आणि त्या दांपत्याशी लेखी करार केला. यात भावनेच्या भरात काही झाले नाही. आईंसाठी रात्रीची सोबत निराळी लावावी लागली असती, तर तिला महिन्याला १,६०० रुपयांहून कितीतरी अधिक मोजावे लागले असते. ही रक्कम पहिल्या हिशेबात कोणी धरलीच नव्हती, इतकेच.

सर्वच घरांत असे नसते. जेथे गॅरेजमध्ये केवळ जुनी वर्तमानपत्रे आणि मोडकी खुर्ची आहे, भिंतीला तडे गेले आहेत आणि मुले खेळताना त्याखाली जातात, तेथे ते पाडणे हेच कर्तव्य होय.

पाडावयाचे ठरल्यास

वीजजोडणी अधिकृत तंत्रज्ञाकडून आधी तोडून घ्यावी. सिमेंटचे जुने पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडू नयेत, ओले करून अखंड उतरवावेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. राडारोडा नेमून दिलेल्या ठिकाणीच पाठवावा. काम संपल्यावर मिळकतकराच्या नोंदीतून गॅरेज कमी करण्यासाठी अर्ज द्यावा आणि विमा कंपनीस कळवावे. पाडण्यापूर्वीची छायाचित्रे व मंजूर नकाशाची प्रत घराच्या कागदपत्रांत जपून ठेवावी.

थोडक्यात, कागद, पाया, पाणी, महिन्याचा खर्च आणि त्या छपराखालची माणसे या पाच गोष्टी क्रमाने पाहिल्या, तर बहुतेक घरांत उत्तर आपोआप पुढे येते. ज्यांना त्यानंतरही निर्णय होत नाही त्यांनी एक पावसाळा थांबावे. गॅरेज धोकादायक नसेल, तर थांबण्याने काही बिघडत नाही. आणि दुरुस्तीच्या कर्जाबाबत काही विचारावयाचे असल्यास आपल्या शाखेत अवश्य यावे.