चाचा कोणाचा? एका संगणकीय खेळाचे वाचन

‘सिड मायर्स पायरेट्स!’ हा संगणकावरील डावपेचांचा खेळ मायक्रोप्रोज या अमेरिकन कंपनीने १९८७ साली प्रथम कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी काढला. २००४ साली फिरॅक्सिस या कंपनीने तो नव्या रूपात आणला. मी मराठी आणि इतिहास हे दोन्ही विषय शिकवतो. एखाद्या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवर कसा अवलंबून असतो, हे समजावताना मला या खेळाचा फार उपयोग होतो.

खेळाची भूमी कॅरिबियन समुद्राची आणि काळ मुख्यतः सतराव्या शतकाचा. खेळणाऱ्याने इंग्रज, फ्रेंच, डच किंवा स्पॅनिश यांपैकी एक राष्ट्र आणि एक कालखंड निवडायचा. मग हाती एक गलबत येते, सोबत काही खलाशी. पुढे काय करायचे ते त्याने ठरवायचे: व्यापार, लूटमार, शहरावर चाल, की हरवलेल्या नातलगांचा शोध.

डावपेच येतात ते तीन गोष्टींतून. पहिली गोष्ट वारा. या समुद्रावर वारा बहुधा पूर्वेकडून वाहतो; म्हणून पश्चिमेला जाणे सोपे आणि परतणे कष्टाचे. दुसरी गोष्ट खलाशी. शहर घ्यायचे तर माणसे पुष्कळ लागतात. पण माणसे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याचे सोने घटते, धान्य लवकर संपते आणि कुरबुर सुरू होते. लांबलेल्या सफरीअखेर लूट वाटून नव्याने जुळवाजुळव करावी लागते. तिसरी गोष्ट वय. नायक म्हातारा होतो, त्याचे हात मंदावतात. केव्हा थांबायचे हे ज्याचे त्याने ओळखायचे. मूळ खेळात निवृत्तीनंतरचे स्थान भिकाऱ्यापासून राजाच्या सल्लागारापर्यंत काहीही असू शकते.

शिक्षकाला महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट मात्र वेगळी आहे. खेळात गव्हर्नरकडून शत्रूची जहाजे लुटण्याची सनद मिळते. तेच गलबत, त्याच तोफा, तीच लूट. पण सनद असली की एका बंदरात मानसन्मान, जमीन आणि पदवी, तर दुसऱ्या बंदरात किल्ल्यावरून तोफांचा मारा. युरोपात कोणाचे कोणाशी युद्ध चालू आहे, यावर हे सारे ठरते आणि ती युद्धे मध्येच थांबतात.

इतिहासही असाच घडला. हेन्री मॉर्गनने १६७१ साली पनामा लुटले, तेव्हा इंग्लंड आणि स्पेन यांच्यात तह झालेला होता. त्याला अटक करून इंग्लंडला नेले. पण १६७४ साली त्यालाच ‘सर’ ही पदवी मिळाली आणि तो जमैकाचा उपगव्हर्नर झाला. पीट हाइनने १६२८ साली क्युबाच्या मातान्सास उपसागरात स्पेनचा चांदीचा ताफा पकडला. स्पेनला तो लुटारू, नेदरलँड्सला राष्ट्रवीर.

आपल्याला हे परके वाटू नये. पोर्तुगीज अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना देत आणि तो नसलेले जहाज जप्त करीत. कान्होजी आंग्रे आपल्या समुद्रात दस्तक मागत. ते मराठ्यांचे सरखेल. पण इंग्रजांच्या लेखी चाचे. दोघांनीही परवानाच मागितला. एकाला आपण राज्यकर्ता म्हणतो, दुसऱ्याला परकीय ग्रंथ लुटारू म्हणतात. शब्द कोणी लिहिला, हे तपासल्याशिवाय तो उचलू नये, एवढे तरी विद्यार्थ्याने यातून घ्यावे.

येथे मराठीची एक अडचण दिसते. राजाच्या परवान्याने लूट करणाऱ्यासाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे. आपण दोघांनाही ‘चाचा’ म्हणून मोकळे होतो. मी वर्गात ‘सनदी चाचा’ असे म्हणतो. ‘सनदी नोकर’ आपल्या कानावरचा असल्याने अर्थ लगेच उमगतो. शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, तांडेल हे शब्द आपल्याकडे आहेतच. हा खेळ मराठीतून समजावू लागलो की ते मुलांच्या तोंडी पुन्हा येतात, कारण त्यांना ते वापरायला निमित्त मिळते.

खेळाच्या मौनाकडेही मी लक्ष वेधतो. त्यात साखरेचा व्यापार आहे. पण ती साखर ज्यांच्या श्रमातून पिकली ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम त्यात नाहीत. त्या काळच्या कॅरिबियनची संपत्ती त्यांच्याच पाठीवर उभी होती. करमणुकीसाठी ते वगळले असेल. पण वगळलेले सांगण्याचे काम मग शिक्षकाकडे येते.

मूळ खेळ सुरू होताना एक प्रश्न विचारी: स्पेनचा खजिन्याचा ताफा अमुक शहरी केव्हा पोहोचतो? उत्तर सोबतच्या छापील पुस्तिकेत असे. नकली प्रतींना आळा घालण्याची ती युक्ती होती. पण तिने खेळणाऱ्याला पुस्तक उघडायला लावले. तोच धागा धरून मी विद्यार्थ्यांना एक काम देतो. एकाच लुटीची हकिकत तिघांच्या तोंडून लिहा: सनद देणारा गव्हर्नर, लुटला गेलेला व्यापारी आणि त्या गलबतावरचा खलाशी. तिघांनी नायकाला कोणता शब्द वापरला, एवढेच मी तपासतो. ज्या वहीत तिन्ही ठिकाणी एकच शब्द आढळतो, ती मी पुन्हा लिहायला परत देतो.