टायरातील हवा आणि इशारा देणारे यंत्र



ऊस वेळेवर तुटला, टोळीने दिवसभर राबून गाडी भरली, आणि कारखान्याच्या वाटेवर टायर फुटून गाडी उभी राहिली, तर नुकसान एकट्या वाहनमालकाचे होत नाही. तुटलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, साखर उतारा खाली येतो. गाडी कलंडली तर ड्रायव्हरच्या किंवा शेजारून जाणाऱ्याच्या जिवावर बेतते. दोष आपण रस्त्याला देतो, उन्हाला देतो. पण पुष्कळदा मूळ कारण साधे असते : टायरात हवा कमी होती आणि ते कोणाला कळले नव्हते.

हवा कमी झाली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात आणि पुन्हा सुटतात. लोखंडी तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिलो की ती गरम होऊन तुटते, तसाच हा प्रकार. टायर आतून तापतो, रबर आणि आतले धागे एकमेकांना सोडतात, आणि भरल्या गाडीखाली तो फुटतो. आपल्या ट्रकला मागे जोड टायर असतात, तिथे तर धोका जास्त. आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचा टायर गाडी पेलून धरतो. ड्रायव्हरला काही जाणवत नाही, बाहेरून दिसत नाही. दोन टायरांचा भार एकटा टायर ओढत राहतो आणि शेवटी दोन्ही जातात.

आळंदीहून माउलींची पालखी दिघी, विश्रांतवाडी करत पुण्यात शिरते. हंगाम संपल्यावर आपल्याकडचे काही ट्रक दिंडीचे सामान घेऊन याच रस्त्याने जातात. जवळच फुलेनगरला आरटीओचे कार्यालय आहे, म्हणून विश्रांतवाडी आपल्या वाहनमालकांना परकी नाही. मागे कामानिमित्त तिकडे गेलो असता एका टायरच्या दुकानात असे इशारा देणारे यंत्र पाहायला मिळाले. हाताच्या पंजाएवढा पडदा, त्यावर दहा चाकी ट्रकचे चित्र आणि प्रत्येक चाकापुढे हवेचा आकडा. शेजारी उभे असलेले एक ट्रकमालक म्हणाले, "साहेब, आमचा क्लीनर टॉमी ठोकून आवाजावरनं सांगतो. हे कशाला पाहिजे?" मी म्हटले, "मालक, टॉमीनं पार बसलेला टायर कळतो. शंभर पौंडाचा ऐंशीवर आला तर आवाजात काय फरक पडणार? आणि गाडी चालू असताना ठोकणार कोण?" यावर ते हसले, पण किंमत विचारूनच गेले.

या यंत्रणेचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक चाकात किंवा व्हॉल्व्हच्या टोकावर टोपणासारखा छोटा सेन्सर बसवतात. तो दाब मोजून बिनतारी लहरींनी ड्रायव्हरपुढच्या पडद्यावर पाठवतो. ठरवलेल्या आकड्याखाली हवा गेली की दिवा लागतो, शिट्टी वाजते. दुसऱ्या प्रकारात वेगळा सेन्सर नसतो. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते, म्हणून तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेते. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेला हे फेरे मोजता येतात, त्यावरून ती इशारा देते. मात्र चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर या दुसऱ्या प्रकाराला ते सहसा कळत नाही.

ही कल्पना आजची नाही. १९८६ साली पोर्शे कंपनीच्या ९५९ या मोटारीत ती प्रथम आली. अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्या टायरांच्या अपघातांत शेकडो माणसे गेली होती. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि २००७ पासून नव्या हलक्या वाहनांत ही यंत्रणा सक्तीची झाली. नेमलेल्या दाबापेक्षा पाव हिस्सा हवा कमी झाली, म्हणजे ३२ पौंडांची २४ वर आली, की तिने इशारा द्यावा असा तिथला नियम आहे. युरोपात नव्या मोटारींना २०१४ पासून आणि नव्या ट्रक, बस व ट्रेलरना २०२४ पासून ती लागू आहे. आपल्या देशात २०२० साली एक सवलत निघाली : लहान प्रवासी मोटारीला ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचे साहित्य आणि ही यंत्रणा असेल तर स्टेपनी नसली तरी चालते.

ज्यांच्या मोटारीत यंत्रणा आहे त्यांनी घोड्याच्या नालेसारखे आणि मध्ये उद्गारचिन्ह असलेले पिवळे चिन्ह ओळखून ठेवावे. ते लागले की वेग कमी करून, जागा पाहून थांबावे. मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिले तर यंत्रणाच बिघडली आहे असे समजावे.

ट्रकसाठी घ्यायचे असेल तर ट्रकचाच संच मागावा. मोटारीच्या संचाला एवढा दाब झेपत नाही. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला जोडनळी लागेल. टोपण बसवल्यावर साबणाचे पाणी लावून हवा गळत नाही ना, ते पाहावे.

पण यंत्र फक्त सांगते, हवा भरत नाही. आणि गाडीवर जादा ऊस चढवला तर हवा बरोबर असूनही टायर तापणारच. म्हणून ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांनीसुद्धा पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) हवा सकाळी, टायर गार असताना, मीटर लावून तपासावी. आतला टायर आणि ट्रॉलीची चाके वगळू नयेत.

२) चालून गरम झालेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. म्हणून हवा सोडू नये.

३) ट्रकचा टायर नेमलेल्या दाबाच्या ऐंशी टक्क्यांखाली चालला असेल तर नुसती हवा भरून पुढे जाऊ नये. तो उतरवून आतून तपासून घ्यावा. आतल्या तारा कमजोर झाल्या असतील तर हवा भरतानाच टायर फुटतो आणि भरणारा माणूस जागीच जातो. हवा भरताना टायरच्या समोर कोणी उभे राहू नये.

४) टायरगाडीवाल्यांनीही दुर्लक्ष करू नये. तिथे हवा कमी असली की तो भार बैलांच्या मानेवर येतो.

बॉयलर पेटायला अजून अवकाश आहे. तोवर वाहनमालकांनी ड्रायव्हरला एक चांगले मीटर घेऊन द्यावे. ज्यांना जमेल त्यांनी निदान मागच्या जोड टायरांना यंत्र बसवावे. मीटर कसे लावायचे हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी गट कार्यालयात जरूर यावे.

— ऊस विकास अधिकारी