धनगरांचे मूळ आणि रक्ताची साक्ष

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत धनगर समाज दोन अगदी वेगळ्या मुलखांत राहतो. पश्चिमेला पाटण, जावळी, शिराळा या भागांतल्या धनगरवाड्यांवर म्हशी पाळणारे गवळी किंवा डांगे धनगर आहेत. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या दुष्काळी माळावर मेंढरांमागे फिरणारे धनगर आहेत. एकीकडे धुवांधार पाऊस, दुसरीकडे पावसाची वाट पाहणे. नाव एक, देवाला हाक मारण्याची रीतही पुष्कळशी सारखी. पण परंपरेने सोयरिकी वेगळ्या.

‘आपण मूळचे कोण?’ हा प्रश्न या समाजात आज केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश व्हावा ही मागणी अनेक दशके उभी आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी मूळ ओळखीचाच वाद आहे. अशा समाजाकडे कोणी रक्ताची नळी किंवा लाळेची डबी घेऊन ‘तुमचा वंशशोध करू’ म्हणत आला, तर त्या नमुन्यातून निघणारे वाक्य प्रयोगशाळेत थांबत नाही. ते मोर्चात, न्यायालयात आणि वृत्तपत्राच्या मथळ्यात जाऊन पोचते. जगभरच्या आदिवासी समाजांनी वंशशोधाविषयी ज्या शंका घेतल्या आहेत, त्या आपल्या या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात तपासून पाहण्याचे कारण हेच.

मोजमापाची जुनी वाट

महाराष्ट्रात माणसांची मोजमापे घेऊन जातींचा इतिहास शोधण्याची परंपरा जुनी आहे. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांवर प्रबंध लिहिला. फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कर्व्यांच्या मोजमापांतून मात्र कवटीच्या असमतोलाचा वंशाशी संबंध दिसला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा रोख असा होता, की एका नावाखाली येणारे गट एकाच मुळापासून फुटलेले असतीलच असे नाही.

मल्होत्रा यांनी हाच प्रश्न धनगरांना लावला. ‘धनगर’ या नावाखाली आपापसांतच लग्ने करणारे वीसहून अधिक गट त्यांनी नोंदवले, आणि या समूहातल्या जनुकीय फरकांवरचा त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला. माधव गाडगीळ यांच्याबरोबर त्यांनी गवळी धनगरांचा परिसरशास्त्रीय अभ्यासही केला. म्हणजे या समाजाची मापे घेणे, रक्त तपासणे आज सुरू झालेले नाही. बदलले ते हत्यार.

हत्यार बदलताना एक गोष्ट निसटली. २००५ साली पश्चिम भारतातल्या जातींच्या डीएनएवर जो एक निबंध प्रसिद्ध झाला, त्यात देशस्थ, चित्पावन, मराठा आणि धनगर असे चार गट घेतले होते. ज्या नावाखाली मल्होत्रांना वीसहून अधिक गट दिसले, ते नाव इथे एक गट झाले. संशोधकाची ती सोय असते. पण वाचणाऱ्याला वाटते की सगळ्या धनगरांविषयीच काही सिद्ध झाले. पाटणच्या डोंगरातला आणि जतच्या माळावरचा माणूस एका आकड्यात बसवला गेला, हे त्या दोघांनाही कळत नाही.

डीएनए काय सांगतो, काय नाही

वंशशोधाच्या सोप्या चाचण्या दोन धाग्यांवर चालतात. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून मुलांना मिळतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलग्याला. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. आईची आई, तिची आई असा एक धागा आणि बापाचा बाप, त्याचा बाप असा दुसरा धरला, तर त्यांतल्या फक्त दोन जागा कळतात. उरलेले १,०२२ पूर्वज गप्प राहतात.

संपूर्ण जनुकसंच तपासला तर चित्र भरते, पण तेही तुलनेचेच असते. तुमचा नमुना आधी गोळा केलेल्या कोणत्या नमुन्यांच्या जवळ जातो, एवढेच यंत्र सांगते. त्या नमुन्यांना नावे माणसांनी दिलेली असतात. २००९ साली हैदराबादच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मिळून २५ भारतीय गटांतल्या १३२ जणांचा अभ्यास केला. बहुतेक भारतीय गट दोन प्राचीन समूहांच्या मिश्रणातून आले, प्रमाण तेवढे कमीजास्त, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या समूहांना ‘पूर्वज उत्तर भारतीय’ आणि ‘पूर्वज दक्षिण भारतीय’ ही नावे कशी ठरली, हे डेव्हिड राइश यांनी २०१८च्या आपल्या पुस्तकात सांगितले आहे: आधीच्या मांडणीवर भारतीय सहकाऱ्यांनी हरकत घेतली, चर्चा तापली, आणि शेवटी ही तटस्थ नावे निघाली. आकडे यंत्राचे होते, नावे वाटाघाटीची. २०१३च्या पुढच्या अभ्यासाने हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाल्याचे मांडले. भिल्लांसारखे समाजही त्यातून वेगळे नव्हते. ‘शुद्ध आदिवासी’ आणि ‘शुद्ध बिगर-आदिवासी’ अशी रेघ रक्तात सापडत नाही.

दिलेला नमुना कुठे जातो

अमेरिकेत ग्रँड कॅनियनच्या दरीत हवासुपाई नावाची छोटी जमात राहते. मधुमेहाने ती त्रस्त होती. १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना लोकांनी रक्त दिले, ते मधुमेहाचे कारण कळावे म्हणून. पुढे तेच रक्त मानसिक आजार, नात्यातली लग्ने आणि जमातीचे मूळ अशा विषयांसाठी वापरले गेल्याचे उघड झाले. आपण याच दरीत जन्मलो अशी या लोकांची श्रद्धा. त्यांच्याच रक्तावरून ते आशियातून आल्याचे त्यांना न विचारता लिहिले गेले. खटला झाला. २०१० साली विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

धनगरांचीही आपल्या उत्पत्तीची कथा आहे. मेंढरे वारुळातून बाहेर आली आणि महादेवाने त्यांच्या राखणीला धनगर निर्माण केला, ही परंपरा गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांत राहून नोंदवली आहे. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात सुंबरान मांडले जाते तेव्हा गाणाऱ्याला तिच्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही. संशोधकाने वेगळे काही शोधू नये असे नव्हे. पण ज्यांचे रक्त घेतले त्यांना आधी सांगावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी हाच धडा घेऊन २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता तयार केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि योग्य रीत ही तिची पाच सूत्रे. एकट्यादुकट्याची सही पुरेशी नाही, समाजाच्या प्रतिनिधींशी बोलणे हवे, असा तिचा आग्रह आहे. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही समाजाची परवानगी आणि व्यक्तीची संमती या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत; पहिली मिळाली म्हणून दुसरी सुटत नाही.

कायदा कोणते मूळ विचारतो

अनुसूचित जमात ठरवण्यासाठी १९६५च्या लोकूर समितीने पाच कसोट्या धरल्या: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतरांत मिसळण्याचा संकोच आणि मागासलेपण. या कसोट्यांवर टीका पुष्कळ झाली, पण त्यांत रक्त नाही. महाराष्ट्राच्या यादीत ‘ओरांव, धांगड’ अशी नोंद आहे. ‘धांगड’ म्हणजेच धनगर, हा दावा मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला. तो वाद नोंदींचा आणि यादीच्या अर्थाचा होता. आज धनगर भटक्या जमातींच्या ‘क’ प्रवर्गात, साडेतीन टक्क्यांत आहेत.

प्रमाणपत्र पडताळणीत दैवते, रूढी, लग्नविधी पाहून केली जाणारी ‘आप्तभाव चाचणी’ निर्णायक नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले. स्थलांतर आणि आधुनिकता यांनी लक्षणे पुसली जातात, हे न्यायालयाने मान्य केले. जिथे डोळ्यांना दिसणारी लक्षणेही शेवटचा शब्द नाहीत, तिथे डीएनएला तो मान देणे म्हणजे उलटा प्रवास होईल.

सह्याद्रीतल्या धनगरवाड्यांना तर याचा थेट फटका बसू शकतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २००६च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीला एक निकष आहे; इतर पारंपरिक वननिवासींना मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गवळी धनगर या दुसऱ्या रांगेत येतात. त्यांना हवे आहेत जुने गुरचराईचे दाखले, वडीलधाऱ्यांचे जबाब, देवाच्या आणि थडग्यांच्या जागा. रक्ताचा अहवाल यांतले काहीच सिद्ध करत नाही. उलट ‘हे लोक मूळचे दुसरीकडचे’ असे एखादे वाक्य निघाले, तर पाऊणशे वर्षांच्या रहिवासावर शंका घ्यायला ते पुरते.

उद्या जतचे धनगर कर्नाटकातल्या कुरुबांच्या जवळचे निघाले, किंवा शेजारच्या मराठ्यांच्या, तरी दोन्ही निष्कर्ष कोणी ना कोणी शस्त्रासारखे वापरील. आणि दोन्ही वेळा, शेकडो वर्षे शेजारी राहणाऱ्यांचे रक्त जवळचे असते, यापलीकडे फारसे काही सिद्ध झालेले नसेल.

दार बंद करायचे का?

नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गट फार थोड्या पूर्वजांपासून वाढल्याचे दिसले. अशा गटांत आईबाप दोघांकडून दोष आला तरच उद्भवणारे आजार जास्त आढळतात, आणि ते वेळीच ओळखता येतात. वीसहून अधिक गटांत सोयरिकी राखलेल्या समाजाला हे ज्ञान उपयोगी आहे. पण ‘अमक्या वाडीच्या रक्तात दोष’ असा बोभाटा झाला तर मुलींची लग्ने अडतात. म्हणून तिथेही गुप्तता आणि समजावून सांगणे आधी.

तेव्हा नमुना मागायला येणाऱ्याला वाड्यावरच्या जाणत्यांनी काही साधे प्रश्न विचारावेत. हे आजारासाठी आहे की मुळाच्या शोधासाठी? आमच्यातल्या कोणत्या गटाचे नाव लावणार? नमुना कुठे, किती वर्षे राहील? दुसऱ्या कामासाठी वापरायचा तर पुन्हा विचाराल का? मागे घ्यायचा झाला तर कोणाकडे यायचे? आणि छापण्याआधी निष्कर्ष आम्हांला मराठीत वाचून दाखवाल का? या प्रश्नांची उत्तरे लिहून देणाऱ्या संशोधकाला दारात उभे ठेवण्याचे कारण नाही. जो देणार नाही, त्याला नळी रिकामी घेऊन परत जाऊ द्यावे.